इंकांच्या ताली आणि पायथ्याचा बाजार: पाहण्याची रीत

इंकांची स्थळं पाहायची तर बाजारासकट पाहावीत, आणि जमेल तिथे एकाच दिवसात पाहावीत, हे सगळ्यात आधी सांगतो. पेरूच्या बहुतेक सहली लिमाहून विमानाने कुस्को, तिथून धावतपळत माचू पिचू आणि परत, अशा आखलेल्या असतात. त्यात दगड दिसतात, त्या दगडांवर जगणारी माणसं दिसत नाहीत. इंकांचं राज्य १५३०च्या दशकात स्पॅनिशांच्या हाती गेलं. पण त्यांनी डोंगर फोडून बांधलेल्या कितीतरी ताली अजून पेरल्या जातात, ओयांताइतांबो गावाच्या गल्ल्यांतून त्यांच्या पाटांचं पाणी अजून वाहतं, आणि त्याच उतारांवरचा बटाटा रविवारी सकाळी बाजारात येऊन बसतो. पिसाकच्या ताली उतरून आलं आणि पायथ्याशी मक्याचा ढीग पाहिला, की वरचं बांधकाम कशासाठी होतं हे कुणाला विचारावं लागत नाही. पुढची सगळी आखणी याच हिशेबाने केली आहे. त्यासाठी हाताशी निदान सात-आठ दिवस ठेवा.

निघण्यापूर्वी

मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा मोसम. आकाश निरभ्र असतं, दिवसा ऊन भाजतं आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत दरडी कोसळून रेल्वे बंद पडण्याचे प्रकार होतात, आणि इंका ट्रेल ही पायवाट फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच असते. माझं मत मे किंवा सप्टेंबरला. गर्दी त्यातल्या त्यात कमी, आणि मेमध्ये नुकती कापणी झालेली असल्याने बाजार भरलेला.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल, तर भारतीयांना पेरूत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. नसेल तर वकिलातीत अर्ज करा, आणि असला तरी निघण्याआधी नियम एकदा पडताळून घ्या.

पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका. हा ताप अॅमेझॉनच्या सखल जंगलातला. उंच डोंगरात त्याचा धोका नाही, पण भारताच्या यादीत पेरू हा पिवळ्या तापाचा देश आहे, आणि परतताना विमानतळावर लशीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम महिना-दीड महिना आधी उरका. साठीच्या पुढच्यांनी लशीबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं.

माचू पिचूचं तिकीट तारीख, वेळ आणि मार्ग ठरवूनच मिळतं. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर काही महिने आधी काढा. तिकिटावरचं नाव आणि आडनाव पासपोर्टवर ज्या क्रमाने आहे तसंच भरा. आत जाताना मूळ पासपोर्ट पाहतात, मोबाइलवरचा फोटो चालत नाही.

पोचल्यावर आधी खाली उतरा

कुस्को ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. समुद्रकाठच्या लिमाहून विमान तासा-सव्वातासात तिथे नेऊन सोडतं, आणि अंगाला त्या विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून विमानतळाबाहेर पडलात की कुस्कोत मुक्काम करू नका. टॅक्सी करून थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरा. पिसाक, उरुबांबा, ओयांताइतांबो ही गावं साधारण २,८०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान आहेत. रस्ता आधी थोडा चढतो, मग वळणावळणांनी खाली जातो. खोऱ्यात चार रात्री काढा आणि कुस्को शेवटी ठेवा. हा एक बदल केला तरी निम्मा त्रास टळतो.

पहिल्या दिवशी काहीही पाहायचं नाही. सावकाश चाला, पाणी पीत राहा, रात्रीचं जेवण हलकं ठेवा, दारू टाळा. डोकं जड होणं, झोप मोडणं, जिना चढताना धाप लागणं हे बहुतेकांना होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. तिथले लोक याला सोरोचे म्हणतात आणि कोकाच्या पानांचा किंवा मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या वनस्पतीचा काढा देतात. मुन्याचा वास छान असतो आणि पोटालाही बरं वाटतं. कोकाचा चहा तिथे राजरोस मिळतो, पण त्यानंतर अमली पदार्थांची चाचणी झाली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. नोकरीत अशी चाचणी होत असेल तर मुन्याच प्या. अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या घ्यायच्या तर भारतातच डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची अॅलर्जी असेल तर तसं आवर्जून सांगा. स्वस्थ बसलेलं असतानाही दम लागू लागला, उलट्या थांबेनात, चालताना तोल जाऊ लागला, तर वाट पाहू नका. त्याच वेळी खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या दिवशी तिकिटाचं काम उरका. कुस्कोचं एक एकत्रित पर्यटन तिकीट आहे, बोलेतो तुरिस्तिको. परदेशी प्रवाशाला ते गेली अनेक वर्षं १३० सोलना (सोल हे तिथलं चलन) मिळतं, दहा दिवस चालतं आणि त्यात सोळा ठिकाणं येतात. पिसाक, ओयांताइतांबो, चिंचेरो, मोराय आणि कुस्कोच्या माथ्यावरचं साक्सायवामान, सगळी त्यात आहेत. ७० सोलचं अर्धवट तिकीटही मिळतं, पण ते एका भागापुरतं आणि एक-दोन दिवसांचंच. सावकाश हिंडायचं तर पूर्ण तिकीटच परवडतं. मारासची मिठागरं, कुस्कोतलं कोरिकांचा हे सूर्यमंदिर आणि तिथलं कॅथीड्रल यांचे पैसे वेगळे. तिकिटाची मुदत नीट मोजून ठेवा आणि पैसे सोलमध्ये रोख न्या.

पिसाक: वरून खाली

या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत प्रिय दिवस हा. तो रविवारी ठेवता आला तर उत्तम, कारण आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं त्या दिवशी माल घेऊन उतरतात. हस्तकलेची दुकानं रोजच उघडी असतात.

सकाळी सातला दार उघडतं. गावातून टॅक्सी करून रस्त्याने थेट वरच्या दारापाशी जा आणि टॅक्सी सोडून द्या. खालून चढणारे बरेच असतात, पण त्या उंचीवर चढण छातीवर येते आणि लक्ष फक्त श्वासाकडे राहतं. वरून उतरलं तर डोळे मोकळे राहतात, आणि वाट शेवटी थेट बाजारात सोडते. दोन ते तीन तास धरा. मधे एक अरुंद बोगदा आणि दरीच्या कडेच्या पायऱ्या आहेत. ज्यांना खोलीची भीती वाटते त्यांनी वरचा भाग पाहून त्याच दाराने परतावं. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या, टोकाला रबर असलेली, म्हणजे जुन्या दगडांना इजा होत नाही.

वरच्या दारातून आत गेल्यावर समोरच्या कड्याकडे पाहा. त्यात शेकडो भोकं दिसतील. ती थडगी आहेत, फार पूर्वीच लुटलेली. तिकडे जाता येत नाही, इकडूनच पाहायची.

मग तालींपाशी थांबा, आणि इथे घाई करू नका. वरून ती नुसती हिरवी पायऱ्यांची रांग वाटते. पण एखाद्या भिंतीजवळ उभं राहिलात तर भिंत किंचित डोंगराकडे कललेली दिसेल. मागच्या मातीचा रेटा पेलण्यासाठी ती तशी बांधली आहे. आत तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर लागवडीची माती, असे थर असत. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खालच्या पाटांना मिळे, भिंतीवर साचून राहत नसे. दिवसभर तापलेले दगड रात्री ऊब सोडत आणि पिकाला दहिवर कमी लागे. भिंतीतून तीन-चार लांब दगड तिरक्या ओळीत पुढे आलेले दिसले तर त्या पायऱ्या आहेत. एका तालीवरून दुसऱ्या तालीवर जायचं, पण जिन्यापायी शेताची जागा जाऊ द्यायची नाही. आपल्या सह्याद्रीत ताली बांधलेल्या कुणालाही ही युक्ती पाहून दाद द्यावीशी वाटेल. त्या पायऱ्यांवर पाय मात्र ठेवू नका.

पुढे इंतिवाताना हा देवस्थानांचा भाग येतो. तिथे बांधकामाचा फरक लक्षात घ्या. तालींच्या आणि घरांच्या भिंती ओबडधोबड दगड मातीत बसवून केलेल्या, आणि देवळांच्या भिंती घासून घासून इतक्या जुळवलेल्या की सांध्यात काहीच भरलेलं नाही. दारं आणि कोनाडे वर अरुंद, खाली रुंद. हा भेद एकदा डोळ्यांत बसला की पुढच्या प्रत्येक ठिकाणी कुठे देव होता आणि कुठे धान्य, हे तुमचं तुम्हाला ओळखता येतं.

बाजारात

बाजाराचा बाहेरचा घेर पर्यटकांसाठी असतो: स्वेटर, चुंबकं, कानटोप्या. तो ओलांडून भाजीच्या बाजूला शिरा. जमिनीवर कापड पसरून बायका बसलेल्या असतात आणि समोर बटाट्यांचे लहान लहान ढीग. जांभळे, पिवळे, काळपट, लांबट, गाठीगाठींचे. अँडीजमध्ये बटाट्याचे चार हजारांच्या आसपास वाण आहेत, आणि हजारो वर्षांपूर्वी माणसाने बटाटा पहिल्यांदा लावला तो याच डोंगरांत. आपल्या उपासाच्या भाजीचं मूळ इथलं. शेजारी खडीसारखे दिसणारे पण हलके, करडे-काळे गोळे दिसतील. तो चुन्यो. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरून गोठवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. असा बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. इंकांच्या डोंगरमाथ्यांवरच्या कोठारांत हाच साठवलेला असे. ओयांताइतांबोला ती कोठारं पाहाल तेव्हा हा ढीग आठवा.

किविचा विचारून घ्या. तो राजगिऱ्याचाच एक प्रकार. फुलवून मधात किंवा गुळात बांधलेल्या त्याच्या वड्या मिळतात. तालींवर उतरताना खिशात ठेवायला याहून चांगलं काही नाही.

बोलायची रीत साधी आहे. आधी नमस्कार, मग भाव. सकाळी ‘ब्वेनोस दियास, सेन्योरा’ म्हणा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. डोंगरातल्या पुष्कळ बायकांची भाषा केचुआ. ‘अल्यियांचु’ म्हणून खुशाली विचारली आणि निघताना ‘सुल्पायकी’ म्हणून आभार मानले की चेहरा खुलतो. भाजीपाल्यात घासाघीस करू नका, तिथे भाव ठरलेले आणि थोडके असतात. दोन-तीन वस्तू घेतल्यावर ‘यापा’ मागा, म्हणजे वर थोडं. ते मागणं तिथे अपमानाचं नाही, उलट गिऱ्हाइकाचा हक्कच धरतात. कापड आणि हस्तकलेत घासाघीस चालते, पण ती हसतमुखाने, आणि घ्यायचंच असेल तर. भाव पाडून घेऊन मग पाठ फिरवणं मला वाईट वाटतं. त्या बाईने सकाळ घालवलेली असते.

सुटे पैसे जवळ हवेतच. शंभराची नोट भाजीवालीपुढे धरू नका, ती मोडता येत नाही. आणि किंचित फाटलेली नोटही कुणी घेत नाही, म्हणून तुम्हीही घेताना उलटसुलट पाहून घ्या. फोटो काढण्याआधी विचारा. नटूनथटून कोकरू कडेवर घेऊन उभ्या असणाऱ्या मुली-बायका फोटोचे पैसे घेतात, ते आधी ठरवा. आईपासून तोडलेली इवलीशी कोकरं दिवसभर उन्हात फिरवलेली असतील तर मी म्हणेन, तो फोटो काढूच नका.

शाकाहाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, असं म्हटलं तर कोंबडी चालेल असं पुष्कळ जण धरतात. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं पूर्ण म्हणा, आणि सूप मागवताना ते कशाच्या पाण्यात शिजवलंय हेही विचारा. बिनघोर खायचं तर चोक्लो कोन केसो. मोठ्ठ्या पांढऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि ताजं चीज, कणसाच्या पानातच हातात देतात. सोबत उचुकुता मागा. दगडी पाट्यावर मिरच्या आणि वाकाताय नावाची तिथली वासाची पानं वाटून केलेली ही चटणी मराठी जिभेला एकदम ओळखीची वाटते. रोकोतो मिरची दिसायला टोमॅटोसारखी, आत काळ्या बिया. जपून चावा, ती खरोखर तिखट आहे. भट्ट्यांशेजारी जाळीवर भाजलेले कुय दिसतील, ते गिनीपिग. तिथलं ते सणाचं अन्न आहे, त्याकडे पाहून नाक मुरडू नका.

घराच्या दारात काठीला लाल फडकं किंवा प्लॅस्टिकची लाल पिशवी बांधलेली दिसली तर आत मक्याची चिचा तयार आहे. ती आंबवलेली असते, म्हणजे हलकी दारूच. उंचीची सवय झाल्यावर चव घ्यायला हरकत नाही. पहिला थेंब पृथ्वीमातेला, पाचामामाला, जमिनीवर सांडायची तिथली पद्धत आहे.

चिंचेरो: कापड हातात घेऊन

चिंचेरो ३,७६० मीटरवर आहे, म्हणून खोऱ्यात तीन दिवस काढल्यावरच जा. तुपाक इंका युपांकी या इंका राजाच्या वाड्याच्या जोत्यावर स्पॅनिशांनी चर्च बांधलं, ते इथे आहे. पण इथे यायचं ते मागासाठी.

माग म्हणजे दोन काठ्या आणि कमरेचा पट्टा. एक टोक खुंटाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे झुकली की ताणा ताठ होतो, पुढे आली की सैल. बाणा ठोकायला लामाच्या हाडाचं टोकदार हत्यार असतं. रंग कसे होतात ते दाखवतात: फड्या निवडुंगावर पांढऱ्या बुरशीसारखा दिसणारा किडा तळहातावर चुरडला की गडद लाल रंग येतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की तो नारिंगीकडे झुकतो. लोकर धुवायला एका मुळाचा फेस वापरतात. ही विद्या मोडीत निघत होती. चिंचेरोच्याच निल्दा काल्यानाउपा आल्वारेस यांनी १९९६मध्ये कुस्कोत पारंपरिक विणकामाचं केंद्र उभं केलं आणि गावोगावच्या विणकर बायकांना पुन्हा मागावर बसवलं.

आता विकत कसं घ्यायचं. कापड हातात घेऊन आधी कडा पाहा. अँडीजचं अस्सल हातमागाचं कापड चारही बाजूंनी विणूनच पुरं करतात. ताण्याचे धागे दोन्ही टोकांना वळसा घेऊन परत येतात, म्हणून कुठेही कात्रीची कड नसते. एखादी बाजू कापून शिवलेली असेल तर तो तुकडा यंत्राचा किंवा मोठ्या कापडातून काढलेला असण्याची शक्यता जास्त. मग उलटून पाहा. नक्षी मागेही तितकीच स्वच्छ, फक्त रंग अदलाबदल झालेले दिसले पाहिजेत. जाड, लोंबते धागे असतील तर ठेवून द्या. स्वेटरवर ‘बेबी अल्पाका’ लिहिलेलं असलं तरी त्याचा पिल्लाशी संबंध नाही, तो लोकरीच्या बारीकपणाचा दर्जा आहे, आणि फारच स्वस्त असेल तर त्यात अॅक्रिलिक आहे असं धरा. सुटा धागा मिळाला तर बाहेर येऊन जाळून पाहा: लोकर केसासारखी जळते आणि राख होते, अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

मोठं कापड विणायला आठवडे लागतात. जी किंमत सांगतील ती त्या आठवड्यांनी भागून पाहा, मग घासाघीस करायची की नाही ते ठरवा.

जवळच मोरायच्या गोल ताली आणि मारासची मिठागरं आहेत. टॅक्सी करून अर्ध्या दिवसात दोन्ही होतात.

ओयांताइतांबो आणि माचू पिचू

ओयांताइतांबोला एक पूर्ण दिवस द्या. टेकडीवरच्या अपुऱ्या मंदिरात गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात, काही किलोमीटरवर, आणि वाटेत नेता नेता सोडून दिलेल्या शिळा अजून पडलेल्या आहेत. स्पॅनिशांविरुद्ध उठलेल्या मांको इंकाने १५३७मध्ये एर्नांदो पिसारोच्या स्पॅनिश फौजेला इथेच मागे हटवलं. समोरच्या डोंगरावरची धान्यकोठारं, पिंकुयलुना, पाहायला तिकीट लागत नाही. ती मुद्दाम वाऱ्याच्या तोंडी बांधलेली आहेत, म्हणजे धान्य कोरडं राहतं. संध्याकाळी गावातल्या दगडी गल्ल्यांतून नुसतं हिंडा. घरांच्या बऱ्याच भिंती इंकांच्या आहेत आणि आत माणसं नांदताहेत.

मोठं सामान इथल्या मुक्कामी ठेवून लहान पिशवी घेऊन रेल्वेने आग्वास कालिएंतेसला जा, सुमारे पावणेदोन तास. तिथे रात्र काढा आणि पहाटेच्या बसने वर. माचू पिचू कुस्कोपेक्षा हजारभर मीटर खाली, २,४३० मीटरवर आहे. तोवर तुमचा श्वास पार मोकळा झालेला असतो. मार्ग एकेरी आहेत आणि मधेच बदलता येत नाहीत. एकच निवडायचा तर दुसऱ्या क्रमांकाचा घ्या, त्यात वरच्या तालीवरून दिसणारं दृश्यही येतं आणि वस्तीतूनही जाता येतं. स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत, म्हणून आधीच जाऊन या. अमेरिकी संशोधक हायरम बिंगम १९११मध्ये तिथे पोचला तेव्हा काही तालींवर शेतकरी कुटुंबं पीक घेत होती, हे उभं राहून ताली पाहताना ध्यानात असू द्या.

कुस्को शेवटी

आता शहरात दोन-तीन दिवस निवांत मिळतात. साक्सायवामानला सकाळी जा. नागमोडी तटाच्या तीन रांगा, आणि त्यातले सर्वांत मोठे दगड शंभर टनांहून जड. लहान दगड स्पॅनिशांनी शहर बांधायला उचलून नेले, हे उचलता आले नाहीत म्हणून उरले. तिथून उतरून कोरिकांचाला या. स्पॅनिशांनी या सूर्यमंदिरावर मठ बांधला होता. १९५०च्या भूकंपात मठाचा मोठा भाग ढासळला आणि आतल्या इंका भिंती उघड्या झाल्या. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड आतुन रुमियोक गल्लीत आहे. हात लावू नका, मनाई आहे.

सान पेद्रो बाजारात न्याहारीला जा. रसवाल्या बायका ओळीने उंच ओट्यांवर बसतात; पेला रिकामा झाला की यापा म्हणून पुन्हा अर्धा भरून देतात. रस पाण्याऐवजी संत्र्याच्या रसात करून मागा, पोट सांभाळलं जातं. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. २४ डिसेंबरला कुस्कोत असाल तर मुख्य चौकातला सांतुरांतिकुय हा वर्षातून एकदाच भरणारा मूर्तिकारांचा बाजार चुकवू नका.

सामान बांधताना

कोकाची पानं, त्यांचा चहा किंवा गोळ्या भारतात आणू नका, इथे ते अमली पदार्थ ठरतात. जुन्या मडक्याचा तुकडा किंवा ‘थडग्यातलं कापड’ म्हणून कुणी काही दाखवलं तर हातही लावू नका. इंकापूर्व आणि इंकाकालीन वस्तू देशाबाहेर नेणं पेरूत गुन्हा आहे, आणि प्रत्येक विकली गेलेली वस्तू पुढच्या थडग्याच्या लुटीला पैसा पुरवते. नवी मडकी आणि कापड घ्याल त्याची पावती ठेवा. बियाणं, बटाटे आणि कच्ची लोकर सोडून द्या. पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, सुटकेसमध्ये नको, कारण ते सामान हाती येण्याआधीच मागतात.